पवनाकाठी तंबूतली पहिली रात्र: धरण ठरलं, जागा कशी ठरवायची?

प्रश्न असा आहे: ठाण्यातलं कुटुंब, 6 आणि 9 वर्षांची दोन मुलं, सोबत 68 वर्षांचे वडील. वडिलांचे गुडघे दुखतात. डिसेंबरमध्ये एक रात्र तंबूत काढायची आहे आणि गाडीने तीन तासांपेक्षा लांब जायचं नाही. कोणी पवना सुचवतं, कोणी भंडारदरा, कोणी राजमाची, कोणी प्रबळमाची. पवनाच्या नावाने शोधलं की ढीगभर जागा दिसतात आणि सगळ्यांचे फोटो सारखेच. स्वतःचा तंबू घ्यावा का आणि मुलांना घेऊन हे सुरक्षित आहे का, हेही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं मुंबई-पुण्याच्या आसपास शाळांचे आणि कुटुंबांचे गट तंबूत मुक्कामाला नेतो. तुमच्यासाठी माझं उत्तर पवना हेच आहे. पण नुसतं "पवनाला जा" म्हणून भागत नाही. त्या एकाच जलाशयाच्या काठावर मुलांच्या कायम लक्षात राहील अशी रात्र मिळते, आणि डीजे ऐकत कुडकुडत बसायची रात्रही मिळते. दोन्हींमध्ये कधीकधी एका टेकाडाचंच अंतर असतं. म्हणून तलाव कोणता यापेक्षा तंबूखालची जमीन कोणती आणि शेजारी कोण, हे आधी बघायचं. तुम्हाला फोटो दाखवतात समोरच्या पाण्याचे. झोपायचं मात्र मागच्या जमिनीवर असतं.

आधी बाकीची नावं बाजूला करतो. भंडारदरा फार सुंदर आहे. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 सालचं, आर्थर लेकचा काठ, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, मागे रतनगड, पलीकडे 1646 मीटरचं कळसूबाई. पण ठाण्याहून तिथे पोचायला चार तास धरा, आणि कसारा घाटात अडकलात तर त्याहून जास्त. एका रात्रीसाठी लहान मुलांना इतकं गाडीत बसवू नका. तिथे दोन रात्री काढायला जा. राजमाची माझ्या विशेष आवडीची. श्रीवर्धन आणि मनरंजन हे जुळे बालेकिल्ले, खाली उधेवाडी, उदयसागर तळं आणि काठावरचं महादेवाचं देऊळ. पण लोणावळ्याहून जाणारा कच्चा रस्ता साध्या गाडीचा नाही आणि कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून चढलं तर चांगलाच दमवणारा चढ आहे. वडिलांसाठी दोन्ही नको. प्रबळमाचीला ठाकूरवाडीपासून चालतच जावं लागतं, तेही याच कारणाने बाद. हरिश्चंद्रगडाचा विचार मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर करा.

आता पवना. मावळातलं हे धरण, पिंपरी-चिंचवडला पाणी इथूनच जातं. जलाशयाच्या भोवती चार किल्ले: उत्तरेला लोहगड आणि विसापूर, पलीकडे तुंग आणि तिकोना. तुमच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे द्रुतगती मार्गाने लोणावळा, तिथून दुधिवरे खिंड ओलांडून खाली उतरायचं. ठाण्याहून साधारण शंभर किलोमीटर पडतात. घाटात गर्दी नसेल तर अडीच तास, जेवायला थांबलात तर तीन. पुण्याची मंडळी कामशेतवरून पवनानगरला येतात. जुने लोक त्याला अजून काले कॉलनीच म्हणतात. पौड-कोळवण-जवण असाही रस्ता आहे. तो तिकोना पेठेच्या बाजूला निघतो आणि शनिवारी त्यावर गर्दी त्या मानाने कमी असते.

खिंड उतरल्यावर आपटी, गेव्हंडे, ठाकूरसाई या बाजूला मुक्कामाच्या जागा आहेत. या काठावर बसलं की तुंग आणि तिकोना पाण्यापलीकडे दिसतात. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, म्हणजे सकाळचं ऊन डोंगरांकडून पाण्यावरून तुमच्याकडे येतं. दुसरा फायदा रात्रीचा. लोणावळ्याचा आणि द्रुतगती मार्गाचा उजेड तुमच्या पाठीमागे राहतो, आणि समोरचं दक्षिणेचं आकाश बरंच काळं मिळतं. मुलांना तारे दाखवायचे असतील तर हे महत्त्वाचं आहे. तिकोना पेठेच्या बाजूला वस्ती शांत, जेवण साधं आणि शेतं जवळ. पण तुमचा रस्ता तेवढाच वाढतो.

जागा निवडताना मी पहिली गोष्ट बघतो ती धरण भरल्यावर पाणी कुठवर येतं त्याची रेघ. कोणत्याही धरणाच्या काठावर ती स्पष्ट दिसते. रेघेच्या वर करवंदाच्या जाळ्या, बाभळी, जुनी झाडं असतात. रेघेखाली झाड नाही, फक्त गाळ, पांढरे पडलेले शिंपले आणि पाणी ओसरेल तसं उगवलेलं आखूड गवत. रेघेखालची जमीन धरणासाठी संपादन केलेली असते, ती कोणाच्या खासगी मालकीची नसते. कोणी अगदी पाण्याला टेकून तंबू लावून देतो म्हणाला तर तो बहुतेक या पट्ट्यात असतो. तिथे संडासाची पक्की सोय होत नाही, विजेची तार लोंबकळती असते, आणि उद्या पाटबंधारे खात्याने जागा मोकळी करायला सांगितली तर तुमचं आगाऊ भरलेलं भाडं गेलं. मालकाला सरळ विचारा: "सातबारा तुमच्या नावावर आहे का?" स्वतःच्या शेतात तंबू लावणारा गावकरी या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुलून बोलतो.

पाण्याला टेकून राहू नये याचं दुसरं कारण थंडी. रात्री वारा पडला की थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि पाण्याकाठच्या खोलगटात साचते. त्यात जलाशयाची दमट हवा मिसळते आणि पहाटे दव धरतं. तोच तंबू दहा-पंधरा मीटर वर, टेकाडाच्या पोटाशी असेल तर पहाटेची थंडी जाणवण्याइतकी कमी लागते आणि तंबू कोरडा राहतो. पाणी तिथूनही दिसतं, उलट जास्त दिसतं. अगदी माथ्यावर मात्र नको, तिथे वारा झोपू देत नाही. उताराच्या मधल्या टप्प्यावरची भातखाचरं ही माझी आवडती जागा. डिसेंबरपर्यंत कापणी झालेली असते, जमीन सपाट आणि कोरडी असते, आणि बांधाचा आडोसा मिळतो. खाचरात भाताचा खुंट उरलेला असतो, तो पाठीला टोचतो. अंथरण्याआधी तेवढा पायाने दाबून किंवा विळ्याने काढून घ्यायचा.

तिसरी गोष्ट, दोन तंबूंमधलं अंतर. शनिवारी अनेक ठिकाणी तंबू इतके चिकटवून लावतात की एकाचे ताण-दोर दुसऱ्याच्या दारात येतात. रात्री मूल शू करायला उठलं की पहिलं त्या दोरात अडखळतं. शेजारच्या तंबूतलं कुजबुजणंसुद्धा ऐकू येतं. मालकाला जागेचा दिवसाउजेडी काढलेला व्हिडिओ मागा आणि त्यात पाण्याकडे नाही, तंबूंच्या रांगेकडे बघा. दोन तंबूंमध्ये निदान सहा-सात फूट हवेत. त्याच व्हिडिओत संडासाचा दरवाजा, आतला दिवा आणि तिथवर जाणारी वाटही दाखवायला सांगा. तुमच्यासोबत लहान मुलं आणि वडील आहेत, रात्री दोन-तीन फेऱ्या नक्की होणार. वाट उतरणीची, दगडांची आणि अंधारी असेल तर बाकी कितीही छान असलं तरी ती जागा सोडा.

वडिलांविषयी स्पष्ट सांगतो. त्यांना जमिनीवरच्या तंबूत झोपवू नका. झोपणं जमेल, पण पहाटे अडीचला थंडीत गुडघ्यांवर ओणवं होऊन चेन उघडून बाहेर येणं फार त्रासाचं होतं. आता बऱ्याच ठिकाणी तंबूंजवळच एखादी पक्की खोली किंवा तिरक्या छपराची लाकडी खोली असते. ती त्यांच्यासाठी घ्या, खाट आहे ना हे विचारून घ्या, आणि तुम्ही समोर तंबूत राहा. संध्याकाळी शेकोटीजवळ त्यांना पाठ असलेली खुर्ची लागेल. घडीची खुर्ची गाडीत टाका, तिथे मिळणारी प्लास्टिकची स्टुलं तासाभरात पाठ दुखवतात.

दिवस कोणता, हा प्रश्न जागेइतकाच महत्त्वाचा आहे. शनिवार टाळा. सोमवारी मुलांची शाळा बुडवता येत असेल तर रविवारी दुपारी जा: गर्दी परतत असते आणि तुम्ही उलट्या दिशेने जाता. रात्री काठावर मोजके तंबू असतात, दरही उतरतात, आणि मालकाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. नाताळ ते 31 डिसेंबर हा आठवडा तर पूर्ण सोडा. डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. धरणात पाणी भरपूर असतं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि थंडी बोचरी नसते. हाच काठ एप्रिल-मे महिन्यात पाहिलात तर ओळखू येत नाही. पाणी दूर सरकलेलं असतं आणि मध्ये भेगाळलेल्या गाळाचा पट्टा. पावसाळ्यानंतर काढलेले फोटो वर्षभर दाखवले जातात, त्यामुळे उन्हाळ्यात जाणाऱ्यांची निराशा होते.

आवाजाचं बोलू. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. तरी वाजतात. फोनवर "संगीत असतं का?" असं विचारलं तर "हो, मस्त असतं!" असं उत्साहाने उत्तर येईल. विचारायचं असं: "दहानंतर स्पीकर बंद होतो का, आणि शेजारची जागा किती लांब आहे?" फक्त कुटुंबांना जागा देणारे मालक आहेत आणि ते ते आवर्जून सांगतात. एवढं करूनही शेजारी धिंगाणा झालाच, तर स्वतः भांडायला जाऊ नका. मालकाला पुढे करा, नाही ऐकलं तर 112 ला फोन करा. प्यायलेल्या घोळक्याशी रात्री वाद घालणं मुलांसमोर नकोच.

पैशांची एक काळजी घ्या. समाजमाध्यमांवर दुसऱ्याच्या जागेचे फोटो लावून आगाऊ रक्कम घेणारी खोटी पानं आहेत. गावाचं नाव, नकाशावरची नेमकी खूण आणि जागेवरून व्हिडिओ कॉल या तीन गोष्टी मिळाल्याशिवाय पैसे पाठवू नका, आणि मिळाल्यावरही थोडेच पाठवा. खरा मालक बाकीचे पैसे आल्यावर घेतो. दर बहुतेक माणशी असतो, त्यात संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे येतात. मुलांचा अर्धा दर लागतो का, वडिलांच्या खोलीचे वेगळे किती, हे आधी बोलून घ्या. जेवणात पनीरची भाजी आणि जिरा राईस ठरलेला असतो. त्याऐवजी भाकरी, पिठलं, ठेचा आणि मावळातला इंद्रायणी तांदूळ मिळेल का असं विचारून बघा. ज्यांच्या घरचीच माणसं स्वयंपाक करतात तिथे मावशी आनंदाने करून देतात, आणि तो ताजा, चिकट, वासाचा भात मुलं मागून घेऊन खातात.

स्वतःचा तंबू आत्ता घेऊ नका. पहिल्या मुक्कामाला तिथलाच वापरा, आवडलं तर घ्या. मात्र तिथला तंबू ताब्यात घेताना तपासा. कापड दुहेरी हवं: आत जाळीचा तंबू आणि वर वेगळं पाणकापड. एकेरी कापडाचे स्वस्त तंबू पहाटे आतून ओले होतात. हे पाणी गळतीचं नसतं. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचे थेंब होतात आणि कापडाला खांदा लागला की सगळं पांघरूण भिजतं. दुहेरी तंबूत ही वाफ आतल्या जाळीतून बाहेर जाते आणि वरच्या कापडावर धरते. म्हणून वरचं कापड आतल्याला चिकटता कामा नये. चारही कोपऱ्यांचे दोर ओढून दोन्हींमध्ये पंजा सरकेल एवढी फट ठेवा, आणि थंडी वाजते म्हणून वरच्या झडपा पूर्ण बंद करू नका. सगळ्या चेन दोन-दोनदा उघडून-लावून पाहा. अर्ध्यात अडकणारी चेन म्हणजे रात्रभर डास. मुरमाड जमिनीत खुंट्या पूर्ण जात नाहीत, तिथे खुंटी तंबूच्या उलट दिशेला थोडी कलती ठोकायची आणि वर दगड ठेवायचा. उतार थोडा असेलच, तर डोकं वरच्या बाजूला येईल असं अंथरायचं. दार वाऱ्याकडे नको.

चार माणसांचा म्हणून मिळणारा तंबू तुम्हा चौघांना जेमतेम पुरतो, सामान ठेवायला जागा उरत नाही. सहा जणांचा मागा किंवा दोन घ्या. मुलांना वेगळ्या तंबूत झोपवायचं नाही, प्रत्येक तंबूत एक मोठं माणूस हवं.

सोबत काय न्यायचं ते थोडक्यात. घरच्या जाड चादरी आणि एखादी गोधडी नक्की न्या, तिथली पांघरुणं प्रत्येक वेळी धुतलेली असतीलच असं नाही. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून पांघरुणाच्या आधी अंथरुणाकडे लक्ष द्या. फोमची चटई, तिच्यावर सतरंजी, आणि तिथली पातळ गादी मिळाली तर तीही खाली. प्रत्येकाला कानटोपी, पायमोजे, झोपायला कोरडे कपडे. दिवसभर घातलेले कपडे घामाने दमट असतात, तेच घालून झोपलं की थंडी दुप्पट वाजते. डोक्याला लावायची विजेरी मुलांना एकेक द्या. हात मोकळे राहतात आणि अंधाराची भीती निम्मी होते. डासांचं मलम, घरची नेहमीची औषधं, ओआरएसची दोन पाकिटं, टिशूऐवजी सुती फडकं, आणि कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या. त्या पिशव्या भरून ठाण्यापर्यंत परत आणा. गावात ठेवलेला कचरा शेवटी जाळला जातो किंवा ओढ्यात जातो, आणि ते पाणी याच धरणात येतं. लोक हे पाणी पितात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, म्हणून गटातल्या प्रत्येकाला हे सांगतो.

सुरक्षिततेत पहिला क्रमांक पाण्याचा. साप, बिबट्या, अंधार हे सगळं नंतर. पवनात बुडून पर्यटकांचे मृत्यू पुन्हा पुन्हा होतात, आणि त्यात पोहता येणारेही असतात. धरणाचा काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत नाही. पाण्याखाली जुने बांध, विहिरी, ओढ्यांची पात्रं आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की पाणी थेट डोक्यावर जाऊ शकतं. खालचा गाळ पाय धरून ठेवतो. मुलांना आल्याबरोबर नियम सांगा: मोठ्याचा हात धरल्याशिवाय पाण्याच्या काठाला जायचं नाही, पाय बुडवायलासुद्धा नाही. होडीत बसायचं तर प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचं, त्याचे पट्टे पोटाशी घट्ट आवळायचे. मुलांच्या मापाचं जॅकेट नसेल तर होडी रद्द. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निघून येतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यात मुलं होती. ते पावसाळ्यातलं होतं, पण पाण्याचा अंदाज चुकतो तो असा, क्षणात.

दुसरी गोष्ट कोळशाची. जेवणाआधी भाजायला शेगडी देतात. थंडी वाढली की कोणीतरी ती निखाऱ्यांची शेगडी तंबूच्या आत किंवा दाराशी आणून ठेवतं. कदापि नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, धूर नाही, माणूस झोपेतच जातो. वडिलांच्या बंद खोलीतही ती नेऊ नका. शेकोटी घमेल्यात किंवा दगडांच्या आळ्यात, तंबूंपासून निदान वीस पावलं दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तंबूचं कापड ठिणगीने पेटलं तर विझवायला वेळ मिळत नाही. झोपायच्या आधी पाणी ओतून राख हाताने गार लागेपर्यंत थांबायचं. डिसेंबरमध्ये गवत वाळायला लागलेलं असतं आणि वणवा लागायला एवढं पुरतं. शेकोटी मोठ्या झाडाखाली करायची नाही. आंब्यावर, उंबरावर आग्यामोहोळ असलं आणि धूर लागला तर ते उठतं. जागेवर गेल्यावर दिवसाउजेडी मान वर करून झाडं आणि कडे बघून घ्या.

सापांची भीती सगळ्यांना असते. डिसेंबरच्या थंडीत ते कमी हिंडतात, आणि चेन पूर्ण लावलेल्या तंबूत सहसा शिरत नाहीत. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी. यातल्या मण्यारीविषयी नीट माहीत करून घ्या. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं सहसा दुखतही नाही. पहाटे कोणाच्या पोटात कारण नसताना कळा आल्या, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, गिळायला त्रास व्हायला लागला तर जखम शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. चिरा, चोखणं, घट्ट दोरी, मांत्रिक यातलं काही नाही. 108 ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे मालकाकडून आल्याबरोबर विचारून घ्या आणि तो रस्ता फोनमध्ये साठवून ठेवा, काठावर काही ठिकाणी रेंज जाते. चपला-बूट तंबूच्या आत ठेवायचे, सकाळी झटकून घालायचे. खाणं तंबूत ठेवायचं नाही; त्याला मुंग्या आणि उंदीर येतात, उंदरामागे साप.

संध्याकाळचा बेत साधा ठेवा. दुपारी तीनपर्यंत पोचा, उजेडात सगळी जागा मुलांसोबत फिरून बघा: संडास कुठे, पाणी कुठे, दोर कुठे. तंबू लावलेला असला तरी एक खुंटी काढून मुलांकडून परत ठोकून घ्या. दोर हातात घेतला, ताण दिला, की तो तंबू त्यांचा होतो आणि रात्रीची भीती कमी होते. साडेसहाला अंधार पडतो. जेवण लवकर उरकून आठच्या सुमाराला शेकोटीपासून थोडं दूर, पाठ करून बसा आणि डोळ्यांना पंधरा-वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, त्याखाली तांबूस रोहिणी, मग मृगाचे तीन तारे ओळीने. दहापर्यंत व्याध चांगला वर येतो, मुलांना तो दाखवावा लागत नाही. 13-14 डिसेंबरच्या आसपास गेलात तर मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. तो वर्षातल्या सगळ्यात चांगल्या वर्षावांपैकी आहे आणि मध्यरात्रीच्या आधीही दिसतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, सतरंजीवर उताणं पडायचं एवढंच. तिथी बघून जा. अमावस्येच्या आगेमागे आकाश सगळ्यात चांगलं.

पहाटे पाचच्या सुमाराला पांघरुणातून हात काढून तंबूच्या कापडाला लावलात तर ते गार आणि ओलसर लागेल. आणलेल्या सुती फडक्याने आतून एकदा पुसून घ्या, फडकं बाहेर पिळा, पुन्हा पुसा. मग मुलांना उठवा. पाण्यावर धुकं असतं, तुंगाचा सुळका त्याच्या वर निघालेला दिसतो आणि साडेसातपर्यंत ते सगळं विरून जातं.

सकाळी पोहे खाऊन लोहगड करा. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, तिथून चांगल्या दगडी पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात, त्यामुळे 6 वर्षांचं मूलही न कंटाळता चढतं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात हा आहे. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही, प्रवेश दिवसाचाच. वडिलांना एवढ्या पायऱ्या झेपणार नाहीत, ते मुक्कामाच्या जागी किंवा वाडीत चहा घेत बसू शकतात, किंवा परतीच्या वाटेवर दुधिवऱ्याच्या प्रति पंढरपूर मंदिरात सगळे मिळून जा. रविवारी परतत असाल तर दुपारी एकच्या आत घाट उतरा.

मुलांना आवडलं, तर पुढच्या वेळेसाठी एवढं लक्षात असू द्या. समुद्र हवा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून गाडी घेऊन मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे, अलिबागची बाजू त्यामुळे जवळ आली. तिथे वाळूत खुंट्या टिकत नाहीत, वाळूने भरलेल्या पिशव्या पुरून दोर बांधावे लागतात, आणि तंबू उधाणाच्या भरतीच्या रेघेच्या वरच हवा. नदी हवी असेल तर कोलाडची कुंडलिका. राफ्टिंग धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालतं, म्हणजे पाणी अचानक वाढतं. पात्रात उतरण्याची वेळ स्थानिकांना विचारूनच. त्या भागात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून माणसं वाचतात, पण वेळेत पोचलं तर. काजवे पाहायचे तर मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा, राजमाची किंवा भंडारदरा. तिथे विजेरी, गाडीचे दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवायचा, कारण नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात आणि आपल्या उजेडात त्यांचा मेळ बसत नाही. काजव्यांसाठी गेलात तरी झोपायला तंबू नको, गावातलं घर घ्या. वळवाच्या पावसात विजा पडतात.

जून ते सप्टेंबर मात्र सह्याद्रीत उतारावर तंबू लावायचाच नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पिढ्यान्पिढ्या तिथे राहणाऱ्यांना अंदाज आला नाही, तर एका रात्रीसाठी आलेल्यांना कुठून येणार?

तुमच्या तारखा ठरल्या की तीन-चार मालकांना फोन करा, आणि संडास, अंतर, दहानंतरचा आवाज आणि सातबारा एवढे चार प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारा. ज्याची उत्तरं सरळ येतील त्याच्याकडे जा, मग त्याच्याकडून पाणी जरा लांब दिसत असलं तरी चालेल.